गोल्फचा नवा सेट : आधी फिटिंग की आधी स्विंग?

बोगीवाला
मंडळी, इथे गोल्फ खेळणारे कितीजण आहेत कल्पना नाही, पण विचारून बघतो. मी पुण्यात असतो. उंची पाच फूट पाच इंच, वय पंचेचाळिशीच्या आसपास, हँडिकॅप २४ (म्हणजे पारपेक्षा, कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, साधारण चोवीस जास्त). आत्तापर्यंत मेव्हण्याचा जुना सेट वापरतोय. मेव्हणा सहा फुटी. शाफ्ट, म्हणजे दांडे, स्टीलचे, त्यावर 'एस' (स्टिफ, म्हणजे कडक) छापलंय. सात नंबरची आयर्न (मधल्या पल्ल्याची काठी) अगदी छान लागली तरी चेंडू डावीकडे जातो. पिचिंग वेज (जवळच्या फटक्याची) तर हमखास डावीकडे. ड्रायव्हर (सगळ्यात लांब पल्ल्याची) मात्र उजवीकडे, कधीकधी शेजारच्या फेअरवेवर.

आता नवा सेट घ्यायचं ठरलंय. (घरची मंजुरी मिळालीये, ती रद्द व्हायच्या आत उरकायचंय.) दुकानदार म्हणतो फिटिंग करून घ्या, म्हणजे मापं घेऊन अंगाला बसतील अशा काठ्या घ्या. कोच म्हणतो, स्विंग (काठी फिरवण्याची ढब) अजून बसलेला नाही, आज घेतलेली मापं सहा महिन्यांनी चुकणार. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, कशाला डोकं खातोस, दिवाळीला येतोय तेव्हा इथून बॅग भरून आणतो. २४ हँडिकॅपवाल्याला फिटिंगचा खरंच काही उपयोग होतो का, की तो फक्त चांगलं खेळणाऱ्यांचा चोचला?

नाशिकचा नाना
आमच्याकडे नाशकात गोल्फ क्लबवर रोज सकाळी अख्खं गाव जातं. कुणाच्याही हातात काठी नसते, फार तर कुत्र्याचा पट्टा असतो. रणजीचे सामनेही तिथेच. गोल्फशी आमचा संबंध एवढाच. तुमचं चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जर्सीकर
बोगीवाला, कोचचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यालाच एक प्रश्न विचारा. सहा फुटी माणसाची काठी हातात देऊन पाच-पाचच्या माणसाचा स्विंग बसणार कसा? काठी लांब पडते म्हणून तुम्ही ताठ उभे राहणार, किंवा ग्रिप खाली धरणार, आणि कोच तेच सुधारत बसणार. उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर आणि पंजाचा आकार, या गोष्टी स्विंग सुधारला म्हणून बदलत नाहीत. तेवढं तरी पहिल्यापासून मापाचं हवं. शाफ्ट, ड्रायव्हरचा लॉफ्ट (चेंडूला लागणारी बाजू, म्हणजे फेस, किती मागे कललेली आहे तो कोन) वगैरे मात्र स्विंगबरोबर बदलू शकतं, त्यात आत्ताच फार पैसा ओतू नका.

फिटिंगमध्ये काय होतं ते थोडक्यात. आधी टेप लावून मापं. मग तुमच्याच सात नंबरने चेंडू मारायला लावतात. तिथे एकतर ट्रॅकमॅन असतो, म्हणजे रडार, किंवा जीसीक्वाडसारखं कॅमेऱ्यावर चालणारं यंत्र. काठीचा वेग, चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी आणि दिशा हे सगळं पडद्यावर दिसतं. नंतर हेड तेच ठेवून शाफ्ट बदलतात, मग शाफ्ट तोच ठेवून हेड. चांगला फिटर एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन-तीन गोष्टी एकदम बदलून 'बघा, पंधरा यार्ड वाढले' म्हणणारा भेटला तर चहा पिऊन परत या.

आणि सगळ्यात लांब गेलेल्या चेंडूकडे बघू नका. सगळे चेंडू मिळून केवढ्या जागेत पडले ते बघा. पडदा समोर असला की माणूस नेहमीपेक्षा जोरात मारतो, मग त्या वेगाला साजेसा कडक शाफ्ट गळ्यात पडतो, आणि रविवारी दहाव्या होलपर्यंत दम गेला की तो शाफ्ट काही साथ देत नाही.

निवृत्त तोफची
मी देवळालीच्या लष्करी कोर्सवर शिकलो. तेव्हा पुष्कळ लष्करी कोर्सेसवर ग्रीनच (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) नसायचे, ब्राउन असायचे. वाळूत तेल मिसळून दाबलेली जमीन, पट करण्याआधी (चेंडू होलमध्ये ढकलण्याआधी) ती सारखी करून घ्यायची. सगळ्यांकडे अर्धा सेट : तीन, पाच, सात, नऊ, सँड वेज, पटर आणि एक वूड (लांब पल्ल्याची). मापंबिपं कुणी घेतली नाहीत. मेसमध्ये जी बॅग रिकामी असेल ती उचलायची.

१४ काठ्यांची मर्यादा अमेरिकेत १९३८ साली घातली, कारण लोक वीस-पंचवीस काठ्या कॅडीच्या खांद्यावर लादून फिरत होते. मर्यादा १४ ची आहे, सक्ती नाही. २४ हँडिकॅपवाल्याने १४ घेऊन करायचंय काय? त्याच पैशांत वर्षभर कोच लावा. बूट मापाचे लागतात हे मान्य, पण बूट मापाचे झाले म्हणून कुणी पळायला लागत नाही.

मी_वाचक
काकांना साष्टांग. "मेसमध्ये जी बॅग रिकामी असेल ती" :)

टॅनथीटा
बोगीवालांच्या पोस्टमध्येच उत्तर लपलंय, कुणी बघितलं नाही म्हणून लिहितो.

काठी जमिनीवर टेकवली की दांडा आणि जमीन यांच्यात जो कोन होतो तो लाय. सात नंबरला तो साधारण ६२-६३ अंश असतो. उंच माणसासाठी लाय उभा करून घेतला असेल, किंवा नुसती काठीच लांब असेल, तर बुटक्या माणसाच्या हातात टो (काठीच्या डोक्याचं बाहेरचं टोक) वर उचलला जातो आणि हील (दांड्याजवळचा भाग) आधी जमिनीला लागते. (बुटका म्हणजे सापेक्ष, हलके घ्या.) फेसला लॉफ्ट असल्यामुळे टो वर गेला की फेस डावीकडे वळतो. किती वळतो? लायमधली चूक गुणिले लॉफ्टचा टॅन. दोन अंशांची चूक धरा :

४८ अंशांचा वेज : २ × १.११ = सुमारे २.२ अंश. शंभर यार्डांवर जवळजवळ चार यार्ड डावीकडे.
३० अंशांची सात नंबर : २ × ०.५८ = सुमारे १.१५ अंश. दीडशे यार्डांवर तीन यार्ड.
१० अंशांचा ड्रायव्हर : २ × ०.१८ = सुमारे ०.३५ अंश. विसरून जा.

म्हणजे वेज हमखास डावीकडे आणि सात नंबर जरा कमी डावीकडे, हे तुमचं लक्षण लायच्या चुकीशी जुळतं. ड्रायव्हर उजवीकडे जातो तो मात्र तुमचा स्वतःचा स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका). त्याला कुठलाही फिटर पुरा पडणार नाही, तिथे कोचच.

एक सोपी तपासणी. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, रेघ फेसकडे ठेवून मारा. फेसवर रेघेचा ठसा सरळ उभा उमटला तर लाय ठीक. वरचं टोक टोच्या बाजूला कललं तर लाय फार उभा, हीलकडे कललं तर फार चपटा. खर्च शून्य.

बोगीवाला
टॅनथीटा, दंडवत! आमचा कॅडी परवा म्हणाला होता, "साहेब, तुमचा डिव्हट (काठीने गवतात पडणारा खड्डा) आतल्या बाजूला खोल जातो." मला वाटलं गंमत करतोय.

टॅनथीटा
आतल्या बाजूला म्हणजे हीलकडे. त्याला चहा पाजा. फिटरने पैसे घेऊन सांगितलं असतं ते त्याने गवत बघून सांगितलं.

निवृत्त तोफची
कॅडी सगळं सांगतात. ऐकतो कोण?

मृण्मयी
इथे सगळे पुरुष दिसतायत म्हणून लिहिते. माझी उंची पाच फूट आठ. दुकानात पाऊल टाकलं की न विचारता 'लेडीज सेट' पुढे येतो. गुलाबी ग्रिप, शाफ्टवर 'एल', आणि लांबी पुरुषांच्या स्टँडर्डपेक्षा साधारण इंचभर कमी. मी टेनिस खेळलेली आहे, माझा वेग त्या शाफ्टला झेपत नाही, चेंडू कुठेही जातो. शेवटी एका फिटरने पुरुषांच्या सीनियर फ्लेक्सचे (जरा लवचीक) ग्रॅफाइट शाफ्ट लावून दिले, लांबी पुरुषांच्या स्टँडर्डची, ग्रिप मात्र बारीक. ड्रायव्हर १२ अंश. तेव्हापासून खांदा दुखायचा थांबला.

तेव्हा बोगीवाला, 'एस' छापलंय म्हणून घाबरू नका आणि 'आर' (रेग्युलर) छापलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. या अक्षरांना सगळ्या कंपन्यांना लागू असा कुठलाही एक मापदंड नाही. एका कंपनीचा 'आर' दुसरीच्या 'एस'इतका कडक असू शकतो. मारून बघणे हाच मार्ग. आणि अक्षरापेक्षा वजन विचारा. स्टीलचा शाफ्ट ९५ ते १३० ग्रॅम, ग्रॅफाइट ५० पासून ९० पर्यंत मिळतो. अठरा होल खेळून झाल्यावर हा फरक कळतो.

जर्सीकर
मृण्मयी +१. ग्रॅफाइट म्हणजे म्हाताऱ्यांचं, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे.

निवृत्त तोफची
मी ग्रॅफाइटच वापरतो. आता बोला.

चेंबूरकर
उशिरा आलो, पण एक महत्त्वाचं राहिलं. हल्लीच्या सेटवरचे आकडे फसवे असतात. पूर्वी सात नंबरचा लॉफ्ट ३४-३६ अंश असायचा, आता कित्येक सेटमध्ये २८-३० असतो. म्हणजे पूर्वीच्या पाचावर सात लिहून विकतात. डेमोला गिऱ्हाईक खूश : "अरे, माझी सात नंबर वीस यार्ड लांब गेली!" जाणारच. (न्याय म्हणून सांगतो, या नव्या हेडचं वजन खाली आणि मागे असतं, त्यामुळे एवढ्या कमी लॉफ्टलाही चेंडू वर उडतो. शुद्ध लबाडी नाही ती.)

खरी गोची खालच्या टोकाला होते. अशा सेटमध्ये पिचिंग वेज ४३ अंशांचा येतो आणि तुमच्या बॅगेत जुना सँड वेज ५६ चा. मध्ये १३ अंशांचं भगदाड. नव्वद-शंभर यार्डांवरून पिचिंग वेज अर्धी मारायची की सँड वेज जिवाच्या आकांताने, हे ठरवण्यातच शॉट जातो. तेव्हा ४९-५० चा गॅप वेज सेटबरोबरच मागा आणि वरून चार-पाच नंबरच्या आयर्न सोडून द्या. त्या २४ हँडिकॅपला लागत नाहीत, त्यांच्या जागी एक हायब्रिड (आयर्न आणि वूडच्या मधली काठी) पुरे.

दुसरं, बाउन्स. हे अमेरिकेतला फिटर तुम्हाला सांगणार नाही. वेजच्या तळाचा जो फुगवटा असतो, त्याच्या कोनाला बाउन्स म्हणतात. तो जास्त, म्हणजे १० च्या वर असेल, तर मऊ जमिनीत काठी रुतत नाही. कमी, ४ ते ६, असेल तर कडक जमिनीवर उसळत नाही. आता आपलं बघा. मे महिन्यात जमीन अशी तापून टणक होते की जास्त बाउन्सचा वेज आपटून वर उडतो आणि चेंडूच्या पोटात लागतो. जुलैत त्याच जागी चिखल, आणि कमी बाउन्सचा वेज गाडला जातो. मी दोन्ही ठेवतो, पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरा. दोन परवडत नसतील तर ८ च्या आसपासचा मधला घ्या आणि जून ते सप्टेंबर नशिबावर सोडा.

जर्सीकर
बाउन्सचं मान्य, पण "अमेरिकेतला फिटर सांगणार नाही" हे काही पटलं नाही. इथेही एकच माणूस फ्लोरिडाच्या वाळूत खेळतो आणि ॲरिझोनाच्या कडक जमिनीवरही खेळतो. विचारलं तर सांगतात.

चेंबूरकर
विचारलं तर. बोगीवालांचा चुलतभाऊ विचारणार आहे का? तो सेलमधला खोका उचलणार.

आणि तुमच्याकडे फिटिंग बहुतेक आत, मॅटवर होतं. मॅटवर काठी चेंडूच्या दोन इंच मागे पडली तरी सरकत येते आणि चेंडू बरा जातो. गवतावर तोच शॉट पायाशी पडतो. शिवाय सरावाच्या रेंजचे झिजलेले चेंडू असतील तर फिरकीचे आकडे कुणाच्या कामाचे?

जर्सीकर
चेंडू स्वतःचे न्या. मॅटचा मुद्दा बरोबर आहे. शक्य असेल तर गवतावर फिटिंग करा, हे मीही म्हणेन.

अबोली
एडिनबरातून. इथे ब्रंट्सफील्ड लिंक्सवर छोट्या होल्सचा कोर्स फुकट आहे, चालत जायचं, एक वेज आणि एक पटर घेऊन खेळायचं. शाळकरी पोरं, आज्या, विद्यार्थी सगळे. कुणाच्याच काठ्या कुणाच्या मापाच्या नसतात आणि कुणालाच त्याचं काही नसतं. तोफचीकाका इथे एकदम रमतील.

पण नियमित खेळायचं तर मापं हवीत असं मलाही वाटतं. विशेषतः पटरचं. कुणीच पटरबद्दल बोललं नाही अजून! पार ७२ मध्ये ३६ पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ, आणि सगळे पैसे ड्रायव्हरवर. दुकानात ३४-३५ इंचांचे पटर रांगेने लावलेले असतात. पाच-पाचच्या माणसाला कदाचित ३३ लागेल. डोळे चेंडूच्या वर येतायत की पार पलीकडे, एवढं जरी कुणी बघून सांगितलं तरी फरक पडतो.

टॅनथीटा
अवांतर : हे सगळं टाळायला अमेरिकन खेळाडू ब्रायसन डीशॅम्बोने सगळ्या आयर्न एकाच लांबीच्या केल्या. सात नंबरएवढ्या, साडेसदतीस इंच. एकच उभं राहणं, एकच स्विंग. त्याच काठ्यांनी २०२० ची यूएस ओपन जिंकला.

मी_वाचक
मग बोगीवालांनी तेच घ्यावं. एकदाच चुकायचं.

चेंबूरकर
तो भौतिकशास्त्र शिकलेला माणूस आहे. आपण शनिवारी नाश्त्यासाठी जाणारे.

हौशी
फिटिंगबद्दल माझा कडू अनुभव. (दुकानाचं नाव घेत नाही.) आयर्न बघायला गेलो, दहाव्या मिनिटाला हातात ड्रायव्हर. मग म्हणे कंपनीचा शाफ्ट तुम्हाला चालणार नाही, हा दुसरा लावा. त्या शाफ्टची किंमत ऐकली तर जवळजवळ दुसरा ड्रायव्हर आला असता. "फिटिंग फुकट, सेट इथूनच घेतला तर" अशी योजना असली की माणसाचा कल कुठे असणार ते उघड आहे. म्हणून माझा सल्ला, फिटिंगचे पैसे वेगळे द्या आणि आकड्यांचा कागद हातात घ्या. मग कुठूनही खरेदी करा.

मृण्मयी
हौशी, कागदाचं १००% खरं. कागदावर लांबी, लाय, लॉफ्ट, शाफ्टचं नाव आणि वजन, ग्रिपचं माप एवढं लिहून घ्या. कंपनीनुसार स्टँडर्ड बदलतं, म्हणून नुसतं 'स्टँडर्डपेक्षा दोन अंश चपटा' लिहून आणू नका, अंशच लिहायला सांगा.

जर्सीकर
बरोबर. पिंग कंपनीच्या काठ्यांवरचा रंगीत ठिपका त्यासाठीच सोयीचा पडतो. पिंगचा संस्थापक कार्स्टन सोल्हाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होता, १९५९ मध्ये गॅरेजमध्ये पटर बनवायला लागला आणि पुढे लायसाठी रंगांची पद्धत आणली. काळा ठिपका स्टँडर्ड, लाल जरा चपटा, निळा जरा उभा. वापरलेला सेट घेतानाही ठिपका बघून कळतं की आधीचा मालक कोणत्या मापाचा होता. फक्त नंतर कुणी वाकवून घेतला नसेल तर.

बोगीवाला
मंडळी, फिटिंग करून आलो. पैसे वेगळे भरले, कागद घेतला (हौशी आणि मृण्मयी, आभार). निघण्याआधी टॅनथीटांची रेघेची तपासणीही केली होती, ठसा भलताच टोच्या बाजूला कललेला.

निकाल असा : मेव्हण्याच्या काठ्या अर्धा इंच लांब करून घेतलेल्या निघाल्या आणि लाय दोन अंश उभा. मेव्हण्याला फोन केला तर म्हणाला, "हो, मी करून घेतलं होतं, सांगितलं नव्हतं का?" मला लांबी स्टँडर्डपेक्षा पाव इंच कमी, लाय दीड अंश चपटा, ग्रॅफाइट शाफ्ट ६५ ग्रॅमच्या आसपास, आणि 'आर'. ग्रिप मात्र एक माप जाड, कारण उंची कमी असली तरी पंजा मोठा आहे. हे ऐकून बायको हसली, का ते विचारलं नाही.

सेट सहा नंबरपासून. वर एक हायब्रिड, खाली ४९ चा गॅप वेज आणि मधल्या बाउन्सचा ५५. ड्रायव्हर घेतला नाही. फिटरने स्वतःहून सांगितलं की साडेदहाचा बारा केला तर स्लाइस थोडा कमी दिसेल, पण जाणार नाही. तो पैसा कोचला द्या. त्या माणसाबद्दल माझं मत एकदम चांगलं झालं.

डेमो काठीने वेज सरळ गेला. सात नंबर बहुतेक वेळा सरळ, पण मधूनच एखादा सणसणीत डावीकडे. कोच म्हणतो, तो आता तुझा. आम्ही दोघंही खूश, कारण निदान कुणाला दोष द्यायचा ते तरी कळलं.

निवृत्त तोफची
सेटमध्ये काठ्या किती झाल्या?

बोगीवाला
जुना ड्रायव्हर आणि पटर धरून दहा, काका.

निवृत्त तोफची
मग ठीक आहे. फिटर शहाणा दिसतो.

टॅनथीटा
काठ्या आल्या की लाय आणि लॉफ्ट पुन्हा मोजून घ्या. कारखान्यातून एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक येतोच. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड असेल तर वाकवणं सोपं. कास्ट (ओतीव), त्यातही कडक स्टेनलेस असेल, तर एक-दोन अंशांपलीकडे जबरदस्ती करू देऊ नका, मानेपाशी मोडतं. आणि वेजचा लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही एक अंश कमी होतो, हे चेंबूरकरांच्या जुलैसाठी लक्षात ठेवा.

चेंबूरकर
चुलतभावाचं काय झालं?

बोगीवाला
कागदाचा फोटो पाठवला. म्हणाला, "सेलमध्ये असं काही मिळत नाही, ऑर्डर द्यावी लागेल." शेवटी इथेच ऑर्डर दिली. ड्युटीची भानगड नको, आणि काही बिघडलं तर दार ठोठवायला दुकान तरी जवळ असावं. तो आता चेंडू आणि हातमोजे आणतोय.

सुगंधा
मागून प्रश्न विचारते. मुलगी दहा वर्षांची, बाबांबरोबर रेंजवर जायला लागलीये. बाबांच्या जुन्या काठ्या कापून दिल्या तर चालतील का? कापणारा तयार आहे.

मृण्मयी
नको, सुगंधाताई! कापलेली काठी लांबीला बरोबर होते, पण हेड मोठ्या माणसाचं राहतं आणि दांडा आखूड झाल्यामुळे आणखी कडक होतो. मुलीला ती उचलून फिरवण्यातच सगळी ताकद लागेल आणि स्विंगला वाईट सवयी जडतील. मुलांचे हलके सेट उंचीप्रमाणे मिळतात. यूएस किड्समध्ये दर तीन इंचांना वेगळं माप आहे. पूर्ण सेटही घेऊ नका. एक हायब्रिड, सात नंबर, एक वेज आणि पटर पुरेत. दोन वर्षांत उंची वाढली की विकून टाका, घेणारे लगेच मिळतात.

सुगंधा
उंची चार फूट पाच इंच आहे. कुणाकडे त्या मापाचा वापरलेला सेट असेल तर व्यनि करा, प्लीज.